प्रश्न वाचकांचे : सांडपाण्यावरची भाजी आणि प्रतिजैविके

प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला वापरण्याबद्दल बरीच पत्रे आली आहेत. काही उत्पादकांची आहेत, काही भाजी खाणाऱ्यांची आणि दोन सांडपाणी प्रकल्प चालवणाऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या पालकाला प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळते. लोकांनी घेतलेली अँटिबायोटिक्स त्यातून भाजीत उतरतात असे ऐकले. खरेच उतरतात का, आणि किती?

उत्तर : उतरतात. मूळ पाणी शोषते तेव्हा त्यात विरघळलेली काही औषधेही आत जातात आणि बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने पानांपर्यंत पोचतात. पाणी पानांतून उडून जाते, औषध मागे राहते. म्हणून पालक, लेट्यूस, कोबी अशा पानांच्या भाज्यांत प्रमाण सर्वांत जास्त सापडते. त्याखालोखाल गाजर-मुळ्यासारखी कंदमुळे येतात. टोमॅटो, काकडी अशा फळभाज्यांत ते कमी असते आणि फळझाडांच्या फळांत सहसा अगदी नगण्य. हवा गरम आणि कोरडी असली की झाड जास्त पाणी ओढते, त्यामुळे उन्हाळी पिकात शोषण वाढते.

आता किती ते पाहू. प्रक्रिया केलेल्या पाण्यात एकेका प्रतिजैविकाचे प्रमाण साधारणपणे लिटरमागे काही नॅनोग्रॅमपासून एखाद्या मायक्रोग्रॅमपर्यंत असते. पानांत ते किलोमागे नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम एवढे मिळते. समजा तुमच्या पालकात किलोला १ मायक्रोग्रॅम सल्फामेथॉक्साझोल आहे आणि कोणी रोज २०० ग्रॅम पालक खातो. त्याच्या पोटात रोज ०.२ मायक्रोग्रॅम औषध गेले. याच औषधाच्या एका मोठ्या गोळीत ८०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ४० लाख पट. तेव्हा भाजीतून औषधाचा डोस बसेल ही भीती सोडून द्या. तीव्र ॲलर्जी असलेल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण तिथेही हे प्रमाण फारच कमी आहे.

पाण्यातले औषध माणसापर्यंत पोचते याचा पुरावा मात्र पक्का आहे. इस्राएलमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३४ निरोगी लोकांना आधी एका पाण्यावरची आणि मग दुसऱ्या पाण्यावरची भाजी-फळे दिली. प्रक्रिया केलेल्या पाण्यावरची भाजी खाल्ल्यावर त्यांच्या लघवीतले कार्बामाझेपिन वाढले, गोड्या पाण्यावरची भाजी सुरू केल्यावर ते उतरले. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचे औषध आहे, प्रतिजैविक नव्हे. ते झाडात सहज शिरते आणि प्रकल्पात जवळजवळ मोडतच नाही, म्हणून संशोधक ते खुणेसारखे वापरतात.

प्रश्न : मग धोका कसला? प्रमाण इतके नगण्य असेल तर एवढी चर्चा कशाला?

उत्तर : पाण्यातून औषधाबरोबर आणखी काहीतरी येते. औषधांना दाद न देणारे, म्हणजे रोधक, जीवाणू आणि रोधाचा तो गुण वाहून नेणारी त्यांची जनुके, यांची काळजी जास्त करायला हवी.

सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत हजारो लोकांच्या आतड्यांतले जीवाणू, त्यांनी घेतलेली औषधे, जंतुनाशके आणि जड धातू एकाच जागी तासन्‌तास असतात. रोधाची जनुके बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचे छोटे सुटे वर्तुळ. एक जीवाणू ते शेजारच्या जीवाणूला देऊ शकतो, आणि तो शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालते. सल्फा औषधांना रोध देणारे सल१ हे जनुक आणि अशी जनुके एकत्र बांधून ठेवणाऱ्या इंटेग्रॉनचे इंटआय१ हे जनुक प्रक्रिया केलेल्या पाण्यात इतके नेमाने सापडते की प्रयोगशाळा त्यांच्यावरून प्रदूषण मोजतात.

यात औषधाच्या सूक्ष्म प्रमाणाचाही वाटा आहे. जीवाणू मरायला लागते त्याच्या कितीतरी खालच्या पातळीवरही औषध रोधक जीवाणूंना थोडी आघाडी देते. साधे जीवाणू जरा मंद वाढतात, रोधक पुढे निघतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी सुरक्षित मानली जाणारी पातळी लिटरला सुमारे ६४ नॅनोग्रॅम आहे आणि अनेक प्रकल्पांतून बाहेर पडणारे पाणी ती ओलांडते. ॲझिथ्रोमायसिनसाठी हाच आकडा २५०, तर सल्फामेथॉक्साझोलसाठी १६,००० नॅनोग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे ‘पाण्यात अँटिबायोटिक आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणते आहे आणि किती आहे, हे विचारावे लागते.

रोधक ई. कोलाय कच्च्या पानावरून आतड्यात गेला तर माणूस लगेच आजारी पडत नाही. तो जीवाणू तिथे काही काळ राहतो आणि आपले प्लाझ्मिड तिथल्या रहिवाशांना देऊन जाऊ शकतो. पुढे कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की नेहमीची गोळी लागू पडत नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट रोधक जीवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. त्यात भाजीतून आलेला वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. रुग्णालयांचा आणि औषधांच्या अतिवापराचा वाटा निःसंशय मोठा आहे. पण हा मार्ग बंद करणे शेतकऱ्याच्या हातात आहे, आणि ते फार खर्चिक नाही.

प्रश्न : प्रकल्पाच्या अहवालात बीओडी, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची दोन मापे), टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) सगळे मर्यादेत असते. मग औषधे कशी राहतात?

उत्तर : कारण प्रकल्प बीओडी उतरवण्यासाठी बांधलेला आहे. सक्रिय गाळाच्या टाकीतले जीवाणू सहज पचणारा मैला खातात. औषधाचा रेणू त्यांना मिळाला तर मिळाला. प्रत्येक औषधाची गत वेगळी होते.

ॲमॉक्सिसिलिन लघवीतून निम्म्याहून अधिक जसेच्या तसे बाहेर पडते, पण त्याच्या रेणूतले बीटा-लॅक्टम नावाचे कडे पाण्यात लवकर तुटते. म्हणून सर्वाधिक खपाचे असूनही ते शेवटच्या पाण्यात क्वचितच दिसते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लीन मोडत नाहीत, गाळाला चिकटतात. पाणी त्यामानाने स्वच्छ होते आणि गाळात किलोमागे मिलिग्रॅममध्ये साठा होतो. सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम गाळाला फारसे चिकटत नाहीत आणि अर्धवटच मोडतात. सल्फामेथॉक्साझोलची आणखी एक खोड आहे. शरीर त्याला ॲसिटिल गट जोडून बाहेर टाकते आणि टाकीतले जीवाणू तो गट काढून मूळ औषध परत तयार करतात. त्यामुळे आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यात ते जास्त भरल्याचे अहवाल मिळतात. ती प्रयोगशाळेची चूक नसते.

प्रश्न : आमच्याकडे येणाऱ्या पाण्याला क्लोरीनचा चांगला वास येतो. म्हणजे जंतू मेले असे समजायचे ना?

उत्तर : वासावर जाऊ नका. पाण्यात अमोनिया शिल्लक असेल तर क्लोरीनचे क्लोरामाइन होते. त्याचाच वास जास्त येतो आणि मारण्याची ताकद मात्र बरीच कमी असते. गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचे एकक) वर असेल तर कणांच्या आत दडलेले जीवाणू वाचतात. अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरले आणि सामू (पीएच) ८ च्या खाली असला, तर निर्जंतुकीकरण झाले असे म्हणता येते. एकूण क्लोरीन आणि मुक्त क्लोरीन वेगवेगळे दाखवणारे साधे रंगमापन किट ठेवा. फक्त एकूण क्लोरीन दाखवणारे किट इथे फसवते.

रोधक जीवाणू क्लोरीनला साध्या जीवाणूंइतकेच बळी पडतात, ही चांगली बाजू. मेलेल्या पेशीतला डीएनए मात्र बराचसा शाबूत राहतो. अतिनील दिव्यांचेही तसेच. चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल मात्रेत जीवाणू निष्क्रिय होतात, पण जनुकांचे तुकडे व्हायला त्याच्या कित्येक पट मात्रा लागते. शिवाय दिव्याखालून गेलेले पाणी उघड्या तळ्यात उन्हात साठवले, तर काही जीवाणू उजेडाच्या मदतीने आपला डीएनए दुरुस्त करतात. अतिनील प्रक्रिया असेल तर नंतरची टाकी झाकलेली हवी आणि पाणी लवकर वापरलेले बरे.

उलट बाजूही सांगायला हवी. उथळ तळ्यात ऊन पडले की सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लीन तुटतात. म्हणून तळे ठेवायचेच तर क्रम असा ठेवा : आधी तळे, मग गाळण, शेवटी निर्जंतुकीकरण, आणि तिथून थेट शेत. पुष्कळ ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

प्रश्न : ठिबक करावे असे सगळे सांगतात. त्याने औषध कमी शोषले जाते का? आणि या पाण्यावर ठिबक चोंदते, त्याचे काय?

उत्तर : ठिबकने औषधाचे शोषण फारसे कमी होत नाही, कारण पाणी मुळाशीच जाते. ठिबकचा फायदा जीवाणूंच्या बाबतीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठिबकमुळे होणारी घट जमिनीलगतच्या पिकांसाठी ९९ टक्के आणि उंच वाढणाऱ्या पिकांसाठी ९९.९९ टक्के धरली आहे. तुषार सिंचनाने तेच पाणी थेट खाण्याच्या पानावर पडते, आणि वाऱ्याबरोबर उडणारे थेंब काम करणाऱ्यांच्या श्वासात जातात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला या पाण्याचे तुषार सिंचन करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चोंदण्याचे कारण म्हणजे नळीत तयार होणारी चिकट साय. जीवाणूंची ती वसाहत असते आणि रोधक जीवाणूंना तिच्यात आसरा मिळतो. म्हणजे सफाई ठिबकसाठी करायची आणि आरोग्यासाठीही. आधी वाळूचा फिल्टर, त्यामागे १२० ते १३० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर लावा. एकट्या जाळीच्या फिल्टरवर शेवाळ आणि बुळबुळीत गाळ थांबत नाही, दाबाने पलीकडे ढकलला जातो. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांत ०.५ बारपेक्षा जास्त फरक पडला की उलट धुलाई करा. लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळ्यांची, टोके आठवड्यातून एकदा उघडून पाणी निवळेपर्यंत सोडा, आणि ते पाणी वाफ्यात न जाता बाहेर काढा. क्लोरीन देताना सर्वांत दूरच्या लॅटरलच्या टोकाला लिटरमागे १ ते २ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळेल एवढे सोडा. सामू जास्त असेल तर आम्लाने तो ६.५ च्या आसपास आणल्यास क्लोरीन चांगले काम करते. पण आम्ल आणि क्लोरीन कधीही एका भांड्यात किंवा एकाच जागी सोडू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्हींची इंजेक्शनची ठिकाणे वेगळी हवीत.

फुटकी नळी किंवा निखळलेला ड्रिपर हा सगळ्यांत दुर्लक्षित दोष. एका ठिकाणी उडालेल्या कारंज्याने आसपासची सगळी पाने भिजतात आणि तेवढ्या भागात तुमचे ठिबक तुषार होऊन बसते. पाणी सुरू असताना ओळींतून फेरी मारणे, यावर दुसरा उपाय नाही.

मल्चिंग फिल्मखाली ठिबक असेल तर पावसाचे शिंतोडे मातीतून पानावर उडत नाहीत, हे उत्तम. मात्र फिल्मखाली ऊन लागत नाही आणि ओल टिकते, म्हणून तिथल्या मातीत जीवाणू जास्त दिवस जगतात. पीक निघाल्यावर फिल्म काढून जमीन उन्हात तापू द्या, मगच पुढचे पीक घ्या. गाजर-मुळ्यासाठी जमिनीखालचे ठिबक टाळा. तिथे पाणी आणि खाण्याचा भाग एकमेकांना चिकटूनच असतात.

प्रश्न : कोणते पीक या पाण्यावर घ्यावे आणि कोणते नाही?

उत्तर : लाकूड, कापूस आणि तेलबिया यांना हे पाणी निर्धास्त द्या. वाळवून दळायची धान्येही चालतील. फळबागेत ठिबक असेल आणि खाली पडलेली फळे उचलायची नाहीत एवढा नियम पाळला जात असेल, तर अडचण नाही. शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या फळभाज्या मध्ये बसतात. कच्ची खाल्ली जाणारी पाने आणि कंद शेवटी, आणि तेही पाण्याची प्रत उत्तम असेल तरच. युरोपीय संघाच्या २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत अशा पिकांसाठी १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय १० पेक्षा जास्त नकोत आणि गढूळपणा ५ एनटीयूच्या आत हवा, अशी अट आहे. त्या नियमांत प्रतिजैविकांसाठी ठरावीक आकडा नाही. औषधे आणि रोधक जीवाणू यांचा विचार जोखमीच्या आराखड्यात करावा, एवढेच म्हटले आहे.

दोन स्रोत असतील तर गोडे पाणी पानांच्या भाजीला राखून ठेवा. गोडे पाणी थोडेच असेल तर किमान शेवटची पाणी-पाळी गोड्या पाण्याची द्या, किंवा तोडणीआधी काही दिवस पाणी तोडा. ऊन आणि कोरडी हवा असेल तर पानावरचे जीवाणू दिवसाला साधारण ७० ते ९९ टक्क्यांनी घटतात. ढगाळ, दमट हवेत हा हिशेब धरू नका. आत शोषलेले औषध या युक्तीने जात नाही.

प्रश्न : जमिनीत ही औषधे साठत जातात का? शेणखत घातले तर फायदा होतो का?

उत्तर : हिशेब करून बघा. पाण्यात एक औषध लिटरला १०० नॅनोग्रॅम आहे आणि हंगामात हेक्टरला ५,००० घनमीटर पाणी दिले. जमिनीत गेले ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम. वरच्या २० सेंटिमीटरची माती सुमारे २,६०० टन भरते. त्यात ते मिसळले तर किलोमागे ०.२ मायक्रोग्रॅम होते, तेही काहीच मोडले नाही असे धरून.

आता जनावरांना टेट्रासायक्लीन देणाऱ्या गोठ्यातले किंवा पोल्ट्रीतले न कुजलेले खत घ्या. त्यात किलोला १ मिलिग्रॅम औषध असणे मुळीच असामान्य नाही. हेक्टरी १० टन खत टाकले की १० ग्रॅम औषध गेले, पाण्याच्या २० पट. पाण्याबद्दल काळजी करणारे बरेच जण ताजे कोंबडीखत बिनधास्त टाकतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. सांडपाणी प्रकल्पाचा गाळही याच रांगेत बसतो.

चांगले कुजलेले सेंद्रिय खत मात्र जमिनीला मदतच करते. सेंद्रिय कर्ब आणि चिकणमाती सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लीन यांना धरून ठेवतात, त्यामुळे ते झाडात कमी जाते. त्याची किंमत अशी की सिप्रोफ्लॉक्सासिन मातीत महिनोन्‌महिने टिकते. सल्फामेथॉक्साझोलचे गणित उलटे आहे. ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडते, पण मातीला चिकटत नसल्यामुळे रेताड जमिनीत खाली झिरपून भूजलात जाते. जमीन आम्लधर्मी असेल तर त्याचे शोषणही वाढते, कारण सामू उतरला की त्याचा विद्युतभार जातो आणि भार नसलेला रेणू मुळाच्या पडद्यातून सहज शिरतो. अशा जमिनीत चुना टाकून सामू सातच्या जवळ आणणे उपयोगी पडते. रोज पाणी पडत राहते तोवर मोडलेल्याच्या जागी नवे येतेच, हेही लक्षात असू द्या.

कंपोस्ट करताना ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसवर पोचायला हवे. उघड्या ढिगात ते १५ दिवस टिकवून त्या काळात किमान ५ वेळा ढीग पालटा. बाहेरचा थर थंड राहतो, न पालटल्यास तेवढा कच्चाच राहतो.

प्रश्न : भाजी धुऊन किंवा शिजवून हे जाते का?

उत्तर : पानाच्या आतले औषध धुऊन जात नाही. उकळल्याने काही औषधे काही प्रमाणात मोडतात, पण सल्फा आणि फ्लुरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट) गटातली उष्णतेला बरीच दाद देत नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे त्याची चिंता नको. जीवाणूंसाठी मात्र फरक मोठा आहे : स्वच्छ पाण्याने धुतल्यास सुमारे ९० टक्के जातात, जंतुनाशकाच्या पाण्यात ठेवून मग धुतल्यास किंवा साल काढल्यास ९९ टक्के. नीट शिजवल्यास जवळजवळ सगळे मरतात. कच्ची भाजी चिरलेल्या पाटावर शिजलेले अन्न ठेवले तर एवढे सगळे फुकट.

प्रश्न : आम्ही प्रकल्प चालवतो. पाण्यातली औषधे काढायला ओझोन की सक्रिय कोळसा?

उत्तर : ओझोनची मात्रा विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाच्या ग्रॅममागे ०.४ ते ०.७ ग्रॅम ठेवली की बहुतेक प्रतिजैविके मोडतात, सल्फामेथॉक्साझोल तर फार वेगाने. आधी पाण्यातले ब्रोमाइड तपासा. ते जास्त असेल तर ब्रोमेट तयार होते, जे कर्करोगकारक मानले जाते. ओझोननंतर वाळूचा जैविक फिल्टर हवाच, कारण मोडलेले तुकडे जीवाणूंना खाद्य होतात आणि पुढच्या पाइपात पुन्हा वाढ होते. भुकटी कोळसा लिटरला १० ते २० मिलिग्रॅम लागतो. मॅक्रोलाइड गटाला (ॲझिथ्रोमायसिन त्यातलेच) तो चांगला पकडतो, सल्फामेथॉक्साझोलला बेताचाच. अतिगाळण पडदे जीवाणू अडवतात, विरघळलेले औषध सोडून देतात. रिव्हर्स ऑस्मोसिस दोन्ही अडवते, पण मागे उरलेल्या खाऱ्या पाण्यात सगळे एकवटते आणि ते कुठे सोडायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. सिंचनापुरते आम्ही ओझोन अधिक जैविक वाळू फिल्टर सुचवू.

प्रश्न : पाणी तपासून घ्यायचे तर नेमके काय मागायचे?

उत्तर : आधी स्वस्त चाचण्या : ई. कोलाय, गढूळपणा, मुक्त क्लोरीन. हे तीन बिघडलेले असतील तर महागड्या चाचणीवर खर्च करू नका. त्यानंतर रोधक ई. कोलायची चाचणी मागा. एकाच नमुन्याच्या दोन थाळ्या लावायच्या, एक साधी आणि दुसरीत लिटरला ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक घातलेली. दुसऱ्या थाळीवर वाढलेल्या वसाहती पहिलीच्या किती टक्के, हा आकडा महत्त्वाचा. प्रक्रियेआधी आणि नंतर असे दोन्ही नमुने द्या. एकूण संख्या उतरली पण टक्केवारी वाढली, तर प्रकल्पात रोधक जीवाणू तगून राहत आहेत.

औषधांची चाचणी अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या एलसी-एमएस/एमएस यंत्रावरच होते. दुधासाठीच्या पट्ट्या पाण्यात बुडवून काही कळणार नाही, त्या याच्या कितीतरी पट प्रमाणाला प्रतिसाद देतात. नमुना २४ तासांत थोडा थोडा गोळा केलेला हवा, कारण सकाळचे आणि दुपारचे पाणी सारखे नसते. बाटली तपकिरी काचेची, १ लिटरची. क्लोरीन मारण्यासाठी प्रयोगशाळा सांगेल ते रसायन आधीच घालून ठेवा, नाहीतर वाटेतच औषध मोडते आणि अहवाल खोटा चांगला येतो. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जीवाणूंची बाटली वेगळी, निर्जंतुक आणि सोडियम थायोसल्फेट घातलेली हवी. यादीत सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि टेट्रासायक्लीन ही सहा पुरेशी आहेत. सातवे म्हणून कार्बामाझेपिन घाला : शेतातल्या विहिरीत ते सापडले, तर सांडपाणी विहिरीपर्यंत झिरपते आहे.